पावसानंतर पोहोचलेली वीज

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे प्रत्येक व्यापारी घरात ऐकलेले असते. परंतु तहान लागलीच आहे आणि विहीर मात्र खणलेली नाही, अशा वेळी काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. तेव्हा माणूस टँकर मागवतो. टँकरवाला जो भाव सांगेल तो मान्य करावा लागतो; कारण घासाघीस करायला जो वेळ लागतो, तोच तहानलेल्यापाशी नसतो.

विजेच्या व्यवहारातही असा टँकर असतो. त्याला भाड्याचा वीज प्रकल्प म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया या देशाने २००६ साली असा एक प्रकल्प भाड्याने घेतला. तो नैसर्गिक वायूवर चालणारा, शंभर मेगावॅटचा आणि केवळ दोन वर्षांच्या कराराचा होता. त्या दोन वर्षांचा हिशेब पुढे पंधरा वर्षे मिटला नाही. एका पंतप्रधानांना पद सोडावे लागले, आंतरराष्ट्रीय लवादात दोन वेळा दावे उभे राहिले आणि त्या सर्वांचा भार अखेर सामान्य ग्राहकाच्या व करदात्याच्या माथी आला. करार करणे हेच ज्यांचे रोजचे काम, त्यांनी हा हिशेब एकदा सावकाश वाचण्याजोगा आहे.

कोरडे पडलेले धरण

टांझानियाची वीज त्या काळी मुख्यतः पाण्यावर अवलंबून होती. देशातील जलविद्युत केंद्रांची एकूण क्षमता सुमारे ५६१ मेगावॅट होती. त्यांतील दोन महत्त्वाची केंद्रे, म्हणजे म्तेरा आणि किडाटू, ग्रेट रुआहा या एकाच नदीवर आहेत. म्तेराचा जलाशय हा या साखळीचा रांजण. तेथे साठवलेले पाणी खाली किडाटूच्या २०४ मेगावॅटच्या केंद्राला पुरवले जाते. रांजण रिकामा झाला की दोन्ही केंद्रे एकदम अडचणीत येतात.

२००५ च्या अखेरीचा पाऊस फसला आणि म्तेराची पातळी वीजनिर्मितीसाठी ठरवलेल्या किमान मर्यादेच्याही खाली गेली. दोष एकट्या पावसाचा नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला, उसांगूच्या मैदानात, भातशेतीसाठी पाण्याचा उपसा वर्षानुवर्षे वाढत होता. १९९३ पासून तर ही बारमाही नदी कोरड्या ऋतूत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आटू लागली होती. म्हणजे संकटाची चाहूल बारा वर्षे आधी लागलेली होती.

२००६ च्या आरंभी भारनियमन सुरू झाले. दार-ए-सलाम हे देशाचे मोठे बंदर व व्यापारपेठ. करियाकोच्या बाजारात घाऊक मालाची दुकाने, शिवणकामाचे कारखाने, पिठाच्या गिरण्या आणि बर्फाचे कारखाने आहेत. हालार, कच्छ आणि सौराष्ट्रातून गेलेली भारतीय व्यापारी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांत जैन कुटुंबेही आहेत. ज्याला परवडले त्याने दुकानाबाहेर डिझेलचा जनित्रसंच बसवला. ज्याला परवडले नाही त्याने दुपारी शटर खाली ओढले. राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेते आणि पंतप्रधान एडवर्ड लोवासा यांचे सरकार सत्तेवर येऊन काही आठवडेच झाले होते. वीज कोठूनही, परंतु लवकर हवी, असा दबाव चहूकडून होता.

उपाय समोर दिसत होता. दार-ए-सलामच्या दक्षिणेस समुद्रात सोंगो सोंगो नावाचे बेट आहे. तेथे १९७४ मध्ये नैसर्गिक वायू सापडला होता आणि २००४ पासून तो नळाने शहरातील उबुंगो भागापर्यंत येत होता. मोरोगोरो रस्त्यावरील या उबुंगोत आधीचे वायुविद्युत केंद्र होते, उच्च दाबाच्या वाहिन्याही होत्या. वायू दारात आलेला, वाहिन्या तयार. उणीव होती ती यंत्रांची. तेव्हा यंत्रे भाड्याने आणावीत, हा विचार मुळात चुकीचा नव्हता.

यंत्रे पोहोचण्याआधी पाऊस

जून २००६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील रिचमंड डेव्हलपमेंट कंपनीशी शंभर मेगावॅटचा करार झाला. पहिली यंत्रे काही आठवड्यांत आणि उरलेली त्यानंतर लगेच उभी राहावयाची होती. भाड्याच्या प्रकल्पाचे सारे मोल त्या मुदतीत असते. महाग का घेतो, तर लवकर मिळते म्हणून.

मुदत टळली. कंपनीपाशी अशा कामाचा अनुभव नव्हता आणि आर्थिक बळही नव्हते, असा निष्कर्ष पुढे संसदेच्या समितीने काढला. वर्षाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत धो धो पाऊस पडला, ठिकठिकाणी पूर आले, धरणे भरू लागली. ज्या दुष्काळासाठी यंत्रे मागवली तो सरला, तरी यंत्रांची पूर्ण क्षमता उभी राहायला २००७ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, डिसेंबर २००६ मध्ये, रिचमंडने हा करार डोवान्स या दुसऱ्या कंपनीच्या नावे केला होता. आपल्या वहीत ज्या गिऱ्हाईकाचे नाव लिहिले, त्याच्या जागी एके दिवशी भलतेच नाव दिसावे, तसा हा प्रकार होता.

याच संकटात ॲग्रेको या ब्रिटिश कंपनीकडूनही वीज भाड्याने घेण्यात आली होती. जगभर यंत्रे भाड्याने देणे हा त्या कंपनीचा जुना धंदा. मुदत संपली की अशा कंपन्यांची यंत्रे पेट्यांत भरून दुसऱ्या देशी रवाना होतात. तेव्हा भाड्याची वीज घेणे हेच पाप, असे म्हणता येणार नाही. प्रश्न होता तो कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि कोणाची पत पाहून घेतली याचा.

रिकाम्या गोदामाचे भाडे

आता मुख्य हिशेबाकडे यावे. भाड्याच्या प्रकल्पात विजेची किंमत दोन भागांत असते. एक भाग इंधनाचा. जेवढे युनिट तयार झाले तेवढाच तो लागतो. दुसरा भाग क्षमतेचा. यंत्र आपल्यासाठी सज्ज उभे आहे, एवढ्यासाठी तो द्यावा लागतो. मग ते चालवले वा न चालवले तरी. आपल्या वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो, तसाच हा, परंतु फार मोठा. हंगामासाठी गोदाम भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पीक आले नाही म्हणून गोदामाचा मालक भाडे सोडत नाही.

टांझानियाची सरकारी वीज कंपनी टॅनेस्को हिला या प्रकल्पासाठी दररोज सुमारे १ लाख ३७ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे १५ कोटी २० लाख शिलिंग, एवढा क्षमता आकार द्यावा लागत होता. वर्षाचे होतात सुमारे ५ कोटी डॉलर; दोन वर्षांचे १० कोटी.

हा आकडा युनिटावर पसरून पाहावा. शंभर मेगावॅटचे यंत्र चोवीस तास पूर्ण भाराने चालले तर दिवसाला २४ लाख युनिट वीज निघते. तेव्हा भाड्याचा वाटा पडतो प्रत्येक युनिटमागे ५.७ सेंट. यंत्र निम्म्या भाराने चालले तर तोच वाटा ११.४ सेंट होतो. पाऊस चांगला झाला, धरणातले पाणी स्वस्त मिळू लागले आणि यंत्र पाव भारानेच चालवले, तर २२.८ सेंट. वायूचा खर्च याहून निराळा. म्हणजे पाऊस जितका चांगला, तितकी ही वीज महाग. दुष्काळात जो आधार ठरला असता, तोच सुकाळात ओझे झाला.

भाडे एवढे जड का, याचेही कारण आहे. असे यंत्र बहुधा विमानाच्या इंजिनाच्या घडणीवर बेतलेले वायू टर्बाइन असते. ते ट्रेलरवर बसवता येते, थोड्या आठवड्यांत जोडता येते आणि काम संपल्यावर हलवता येते. वीस वर्षांच्या करारात मालक आपले भांडवल वीस वर्षांत वसूल करतो. दोन वर्षांच्या करारात पुढचे गिऱ्हाईक मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून तो मोठा हिस्सा दोन वर्षांतच वसूल करू पाहतो. शिवाय ही साधी टर्बाइने वायू जास्त खातात. धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेवर वाफेचे दुसरे यंत्र चालवणारी मोठी केंद्रे वायूतील निम्म्याहून अधिक ऊर्जा विजेत उतरवतात. साधे टर्बाइन साधारण पस्तीस ते चाळीस टक्केच उतरवते.

पुढे २०११ साली हाच सारा प्रकल्प सुमारे १२ कोटी डॉलरना विकला गेला. दोन वर्षांचे ठरलेले भाडे १० कोटी आणि यंत्रांची विक्रीची किंमत १२ कोटी! एखाद्या दुकानदाराने दोन वर्षांच्या भाड्यात जवळजवळ दुकानाची किंमत मोजावी, असा हा सौदा होता.

आणखी एक गोष्ट वरवर दिसत नाही. भाडे डॉलरमध्ये ठरले होते, तर टॅनेस्कोचे गिऱ्हाईक बिल भरत होते शिलिंगमध्ये. वर दिलेल्या आकड्यांवरून त्या वेळी एका डॉलरला सुमारे ११०० शिलिंग पडत होते असे दिसते. पंधरा वर्षांनी त्याच डॉलरला जवळजवळ २३०० शिलिंग मोजावे लागत होते. आवक एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात असले, की जो तोटा वहीत कोठेच लिहिलेला नसतो तो हळूहळू वाढत राहतो. आयात-निर्यातीच्या धंद्यातील मंडळींना तो चांगला ठाऊक आहे.

महाराष्ट्रालाही हा हिशेब अपरिचित नाही. दाभोळचा प्रकल्प भाड्याचा नव्हता, दीर्घ मुदतीचा होता. परंतु वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे डॉलरच्या हिशेबाने द्या, ही अट तेथेही होती. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, राज्य वीज मंडळाने महागडी वीज घेणे थांबवले. प्रकल्प बंद पडला. त्या वर्षाच्या अखेरीस एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली.

संसदेतील फेब्रुवारी

टांझानियात कुजबुज वाढत गेली. भ्रष्टाचार प्रतिबंधक विभागाने या व्यवहारात गैर काही नाही असा निर्वाळा दिला होता, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये संसदेने हॅरिसन म्वाक्येंबे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००८ च्या पहिल्या आठवड्यात सभागृहात वाचला गेला आणि देशभर ऐकला गेला. निविदेची रीत डावलली गेली, कंपनीची पात्रता तपासली गेली नाही आणि वरून दबाव आला, असा ठपका समितीने ठेवला.

७ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान लोवासा यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर ऊर्जा खात्याशी संबंध आलेले दोन मंत्री, नझीर करामागी आणि इब्राहिम म्साबाहा, हेही पायउतार झाले. राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिमंडळ विसर्जित केले आणि मिझेंगो पिंडा नवे पंतप्रधान झाले. समितीने आपले म्हणणे ऐकूनच घेतले नाही, अशी लोवासा यांची तक्रार होती. स्वतःवरील आरोप त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाहीत. २०१५ मध्ये ते विरोधी पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्यांना सुमारे चाळीस टक्के मते मिळाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

राजकीय दोषाचा निवाडा त्या देशाच्या जनतेने करावयाचा. व्यापारी दृष्टीने पाहता एवढे नक्की की, ज्याच्याशी करार करावयाचा तो कोण आहे, त्याने आधी असे काम केले आहे का, त्याच्यामागे कोणती बँक उभी आहे, हे साधे प्रश्न सही करण्याआधी विचारले गेले नाहीत. ते प्रश्न विचारायला काही दिवस लागले असते. ते न विचारल्याने वर्षे गेली.

उभी यंत्रे, अंधारे शहर

ऑगस्ट २००८ मध्ये टॅनेस्कोने करार रद्द केला. मूळ करारच कायद्याने वैध नव्हता, अशी तिची भूमिका होती. डोवान्सने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. नोव्हेंबर २०१० मध्ये निकाल टॅनेस्कोच्या विरोधात गेला आणि सुमारे ६ कोटी ५८ लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. देशात संताप उसळला. ज्या कंपनीच्या पायाभूत करारावर संसदेने ताशेरे ओढले, तिलाच भरपाई? परंतु लवादापुढे प्रश्न सचोटीच्या भावनेचा नव्हता. दोन वर्षे करार मानला, यंत्रे वापरली, बिले भरली, मग मध्येच तो नव्हताच असे कसे म्हणता येईल, एवढा तो प्रश्न होता. कच्चा करार करणे हे पहिले नुकसान. तो घाईने मोडणे हे दुसरे.

या काळात यंत्रे उबुंगोतच उभी होती. त्यांत बिघाड नव्हता, वायूचा नळ शेजारी होता. २००९ च्या आरंभी टॅनेस्कोने ती विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. जुनी यंत्रे सरकारी खरेदीत घेता येत नाहीत, या नियमाची अडचण पुढे आली. आणि त्याहून मोठी अडचण होती ती नावाची. डोवान्स हे नाव घेताच सभागृह पेटत असे. प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतर केंद्रांतील बिघाडांमुळे शहरात पुन्हा भारनियमन झाले. शंभर मेगावॅटची धडधाकट यंत्रे आवारात गप्प होती आणि आवाराबाहेरच्या वस्तीत दिवे गेलेले होते.

विश्वासाची किंमत कोणत्याही ताळेबंदात वेगळी लिहिलेली नसते. ती येथे स्पष्ट दिसली. यंत्रे तीच, वायू तोच, गरजही तीच. पण व्यवहारावरचा विश्वास उडालेला असल्याने उपयोगी वस्तूही निरुपयोगी झाली. बाजारात एकदा ज्याच्या तराजूविषयी शंका आली, त्याचा चोख मालही गिऱ्हाईक उचलत नाही.

दुसरा मोडलेला शब्द

२०११ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. पुन्हा दिवसाचे बारा-बारा तास वीज जाऊ लागली. त्या वर्षी सिंबियन या अमेरिकी कंपनीने डोवान्सची यंत्रे विकत घेतली आणि टॅनेस्कोने तिच्याकडून वीज घेण्यास आरंभ केला. जोडीला डिझेलवर चालणारे आणखी भाड्याचे संच आले. ते वायूपेक्षा कितीतरी महाग. टॅनेस्कोचा तोटा वाढत गेला आणि तो भरून काढण्यासाठी वीजदर चढले. जानेवारी २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के आणि जानेवारी २०१४ मध्ये पुन्हा सुमारे ३९ टक्के. शंभर शिलिंगचे बिल दोन वर्षांत १९५ शिलिंगच्या घरात गेले. करियाकोतील ज्या शिंप्याने कोणत्याही करारावर सही केली नव्हती, त्याच्या शिवणयंत्राच्या प्रत्येक फेऱ्यात त्या करारांचा हप्ता मिसळला गेला.

२ जुलै २०१३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा उबुंगोच्या या केंद्रात आले आणि आफ्रिकेसाठीच्या आपल्या वीज योजनेविषयी बोलले. ज्या यंत्रांपायी एका पंतप्रधानांचे पद गेले, त्याच यंत्रांच्या आवारात पाहुण्यांचा सत्कार झाला.

परंतु कथा तेथे संपत नाही. २०१५ मध्ये दक्षिणेकडील म्त्वारापासून दार-ए-सलामपर्यंत ५४२ किलोमीटरची नवी वायुवाहिनी पुरी झाली. सरकारने किन्येरेझी येथे स्वतःची वायुविद्युत केंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. भाड्याच्या विजेची गरज ओसरू लागली. अशा वेळी, डिसेंबर २०१५ मध्ये, सिंबियनशी पंधरा वर्षांचा नवा करार झाला; आणि पुढच्याच वर्षी टॅनेस्कोने तो मानण्यास नकार दिला. यंत्रे थांबली. सिंबियनने लवादाकडे ५६ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. अखेर २०२१ मध्ये तडजोड झाली आणि टॅनेस्कोने सुमारे १५ कोटी ३४ लाख डॉलर, म्हणजे ३५ हजार कोटी शिलिंग, मोजले. महालेखापरीक्षकांच्या अहवालातून ही रक्कम लोकांसमोर आली.

सगळी यंत्रे २०११ मध्ये १२ कोटी डॉलरना विकली गेली होती. त्यांची वीज न घेण्यासाठी दहा वर्षांनी त्याहून अधिक रक्कम द्यावी लागली. हिशेबाच्या वहीत याहून कडू ओळ शोधूनही सापडणार नाही.

मुदतीने निवृत्त झालेला शेजारी

उबुंगोतच दुसरे एक वायुविद्युत केंद्र होते, सोंगासचे. सोंगो सोंगोचा वायू, त्याची वाहिनी आणि वीजनिर्मिती हे सारे एकत्र बांधून वीस वर्षांसाठी त्याचा करार झाला होता आणि २००४ पासून ते चालू झाले. त्याच्याही दरांवर टीका झाली, क्षमता आकार तेथेही होता. तरीही वीस वर्षे ते चालले आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुदत संपताच निवृत्त झाले. करार पुढे वाढवला गेला नाही. कारण तोवर रुफिजी नदीवरील ज्युलियस न्येरेरे जलविद्युत प्रकल्प सुरू झाला होता. त्याची नियोजित क्षमता २११५ मेगावॅट. शंभर मेगावॅटसाठी ज्या देशाची धावपळ झाली होती, त्याच्याकडे आता वीज शिल्लक राहू लागली.

तरीही एक सावधगिरी उरतेच. नवा प्रकल्पही पाण्यावरच आहे आणि पावसाचा भरवसा आजही तितकाच. म्हणून वायूवरची केंद्रे मोडीत न काढता जोडीला ठेवण्यातच शहाणपण आहे. घरात धान्याची एक कोठी भरली म्हणून दुसरी फोडून टाकू नये.

श्रावकाच्या वहीत

आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकधर्माला योग्य होण्यासाठी गृहस्थाच्या अंगी असावयाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांत अगदी पहिला गुण न्यायाने मिळवलेल्या वैभवाचा आहे. आणि पुढे आयाला उचित असा व्यय करावा, हाही एक गुण सांगितला आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या दोन गुणांवर उबुंगोचा व्यवहार घासून पाहिला, तर दोन्ही ठिकाणी त्याची झीज दिसते. करार करण्याची रीत न्यायाची राहिली नाही, म्हणून यंत्रे असूनही वापरता आली नाहीत. व्यय आयाला धरून राहिला नाही. देणे डॉलरमध्ये आणि आवक शिलिंगमध्ये, देणे रोजचे आणि गरज काही महिन्यांची, अशी ती विसंगती होती.

आपल्या धंद्यातही अशा वेळा येतात. दिवाळीच्या तोंडावर यंत्र बिघडते, मोठी ऑर्डर हातात असताना गोदाम अपुरे पडते, बँकेचे कर्ज मंजूर होण्यास विलंब लागतो आणि शेजारचा कोणी जास्त व्याजाने लगेच रक्कम देऊ करतो. निकड खरी असते. भाड्याने घेणे वा उसने घेणे हे त्या वेळी योग्यही असते. मात्र सही करण्यापूर्वी समोरच्याची पत आणि पूर्वीचे काम तपासण्यास एक दिवस द्यावा. गरज अपेक्षेआधी संपली तर काय देणे लागेल, ते आकड्यात लिहून काढावे. उशिरा माल आला तर भाडे सुरूच होणार नाही, अशी अट घालावी. आणि एकदा शब्द दिला की तो मोडण्याची किंमत तो पाळण्याच्या किमतीशी ताडून पाहिल्याखेरीज माघार घेऊ नये.

याहूनही महत्त्वाचे काम निकड येण्याआधीचे आहे. रुआहा नदी १९९३ पासून आटत होती. सोंगो सोंगोचा वायू १९७४ पासून ठाऊक होता आणि तो शहरात पोहोचायला तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत आणखी एखादे केंद्र सावकाश, निविदांची छाननी करून, हप्त्याहप्त्याने उभे राहिले असते, तर २००६ मध्ये कोणाच्याही दारात तातडीने जाण्याची पाळी आली नसती. ज्याने उन्हाळ्यात छप्पर शाकारले, त्याला पावसात ताडपत्रीवाल्याचा भाव विचारावा लागत नाही.